पाचवी ते आठवीच्या वर्गात निरीक्षणाला बसताना: गोव्यातल्या बी.एड.च्या छात्राध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डिचोली तालुक्यातली. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात. बी.एड.च्या दोन वर्षांत जे आठवडे शाळेत काढले, त्यातला बराचसा वेळ पाचवी ते आठवीच्या वर्गांत गेला. आता मागून येणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

शाळेत एकूण किती दिवस जावं लागतं?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव किमान वीस आठवड्यांचा ठरला: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. निरीक्षणाचे दिवस बहुतेक पहिल्या वर्षाच्या चार आठवड्यांत येतात. या चार आठवड्यांची वाटणी प्रत्येक महाविद्यालय आपल्या पद्धतीने करतं, तेव्हा तारखा तिथूनच घ्या. २०२५ मध्ये गोव्यात सहावीपासून पुढचे वर्ग जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झाले, त्यामुळे आधीच्या तुकडीचं वेळापत्रक मागून आणून त्यावर भरवसा ठेवू नका.

गोव्यात ‘मिडल स्कूल’ म्हणून वेगळी शाळा असते का?

बहुतेक ठिकाणी नसते. आपल्याकडे पहिली ते चौथी प्राथमिक शाळा आणि पाचवी ते दहावी हायस्कूल, अशीच जुनी रचना आहे. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक म्हणतो, पण गोव्यातल्या मुलाच्या आयुष्यातला मोठा बदल पाचवीतच होतो. इमारत बदलते, गणवेश बदलतो. एका बाईंच्या जागी विषयागणिक वेगळे शिक्षक येतात. चौथीपर्यंतच्या ‘बाई’ पाचवीत ‘टीचर’ होतात.

निरीक्षणासाठी वर्ग निवडायची मुभा मिळाली तर कुठला घ्यावा?

पाचवी. तेही शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतली.

मुलं आठवीतली बरी, बोलतात तरी, असं सगळे सांगतात. आठवी जरूर बघा. पण गोव्यात शिक्षक व्हायचं असेल तर पाचवीत जे घडतं ते दुसऱ्या कुठल्याही वर्गात दिसत नाही. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारी अनुदान मराठी-कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच द्यायचं, असं ठरलं. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदानाची वाट खुली झाली. त्यावर झालेली आंदोलनं आपल्या घरांतल्या मोठ्यांना आठवत असतील. सरकारी प्राथमिक शाळा आजही बहुतांशी मराठी माध्यमाच्या आहेत, आणि पाचवीपासूनचं हायस्कूल जवळजवळ सगळीकडे इंग्रजी माध्यमाचं. म्हणजे पाचवीच्या एकाच बाकावर दोन मुलं बसतात. एक चार वर्षं इंग्रजीतून गणित शिकून आलेलं असतं, दुसरं मराठीतून. शिवाय मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांतली मुलं असतात. त्यांच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलतात आणि मराठी हीच त्यांची दुसरी भाषा असते. इंग्रजी तिसरी, नाहीतर चौथी.

एका मुलाचं सांगते. गणिताच्या वहीत पानभर चुकीच्या फुल्या. मी त्याच्या शेजारी बसून एकेक गणित पाहिलं. फळ्यावर अडतीस अधिक एकवीस होतं, त्याचं उत्तर पंचावन्न. त्याची बेरीज चुकली नव्हती. फळ्यावरचा इंग्रजी आठ त्याने घाईत मराठी चार म्हणून वाचला होता आणि अडतीसचे चौतीस झाले होते. दोन आणि तीन हे आकडे दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून मूल बेसावध राहतं आणि चार-आठपाशी येऊन घसरतं. एकाचंही तसंच होतं, कारण मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. त्या पानावर लाल शाईत ‘निष्काळजी’ असा शेरा होता. मुलगा निष्काळजी नव्हता. तो एकाच वेळी दोन लिप्या सांभाळत होता आणि ते कोणी त्याला विचारलं नव्हतं.

अपूर्णांकांचंही तेच. ‘न्यूमरेटर’ कुठला असं विचारलं की मुलं खाली बघतात. ‘अंश’ म्हटलं की हात वर येतो. गणित त्यांना येत असतं, त्याचं नवं नाव तेवढं माहीत नसतं.

वर्गात कुठे बसायचं?

तुम्हाला आपोआप शेवटच्या बाकावर बसवतील. पहिला दिवस बसा. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारून बाजूच्या भिंतीला, पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या बाजूला खुर्ची घ्या. शेवटच्या बाकावरून चाळीस पाठी आणि एक शिक्षक दिसतो. मग वहीत फक्त शिक्षकांविषयीच लिहिलं जातं: आवाज चांगला, फळ्याचा वापर योग्य, शैक्षणिक साहित्य वापरले नाही. बाजूने बसलं की चेहरे दिसतात. कोण ओठांतल्या ओठांत उत्तर म्हणतं, शेजाऱ्याच्या वहीत बघून कोण उतरवून घेतं, शिक्षकांची नजर वळली की कोण पेन्सिल शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकतं, हे मला तिथूनच कळलं.

निरीक्षण वहीत नेमकं काय लिहायचं? छापील तक्ता भरला की पुरे ना?

महाविद्यालयाला तक्ता हवा असतो, तो भरा. पण स्वतःसाठी साधी शंभर पानी वही वेगळी ठेवा आणि प्रत्येक पानावर उभी रेघ मारा. डावीकडे जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. ‘मुलगी लक्ष देत नव्हती’ हे उजवीकडचं वाक्य. डावीकडे लिहायचं ते असं: ‘मुलगी चार मिनिटं खिडकीबाहेर बघत होती, मग वही उघडून तारीख लिहिली, पुढे काही लिहिलं नाही.’ सुरुवातीला माझी उजवी बाजू भरलेली असायची आणि डावी कोरी. आठवडाभर रोज लिहिल्यावर हाताला वळण लागलं.

मुलांची नावं लिहू नका. ‘तिसरा बाक, खिडकीकडची’ अशी खूण पुरते.

फ्लँडर्सची पद्धत प्रत्यक्षात वापरता येते का?

येते, पण पूर्ण तासाला वापरायला जाऊ नका. नेड फ्लँडर्स या अमेरिकी अभ्यासकाने वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार केले: सात शिक्षकांच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांनी एक खूण करायची असते. चाळीस मिनिटांत आठशे खुणा होतात आणि खुणा करता करता वर्ग बघायचाच राहून जातो. मी तासाच्या मधली दहा मिनिटं निवडायचे. तेवढ्यातही कळतं. वर्गातल्या साधारण दोन तृतीयांश वेळात कोणीतरी बोलत असतं आणि त्यातलं दोन तृतीयांश बोलणं शिक्षकांचं असतं, हा फ्लँडर्सचा ठोकताळा माझ्या दहा मिनिटांत अनेकदा तसाच उतरला.

त्याहून सोपी आणि माझ्या मते जास्त कामाची गोष्ट म्हणजे प्रश्नानंतरची शांतता मोजणं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा त्याहून थोडं जास्त थांबलं तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं म्हणत मी मोजायचे. बहुतेक वेळा ‘एक हजार एक’ पुरं व्हायच्या आत पहिल्या बाकावरचं उत्तर आलेलं असायचं किंवा शिक्षकांनीच दिलेलं असायचं.

पाचवीत तर मला तीन सेकंदही कमी वाटतात. मराठीतून आलेल्या मुलाला आधी इंग्रजी प्रश्न आपल्या भाषेत आणावा लागतो, मग उत्तर शोधायचं, मग ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं. मी निरीक्षण केलेल्या एक भूगोलाच्या टीचर प्रश्न विचारून फळ्याकडे वळायच्या आणि सावकाश तारीख किंवा शीर्षक गिरवायच्या. त्या मुद्दाम तसं करतात हे मला तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. त्या वळून बघायच्या तेव्हा मागच्या बाकांवरूनही हात वर आलेले असायचे. पुढे माझ्या सराव पाठात मी हेच उचललं.

मुलांशी कुठल्या भाषेत बोलायचं? इंग्रजी माध्यम असून मराठी-कोकणी बोललं तर ओरडा बसेल का?

शिक्षकांना आधी विचारा. प्रत्येक शाळेचा कल वेगळा. पाठ घेताना माध्यमाची भाषा पाळावी लागते, हे धरून चाला. पण मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात, वही बघताना मूल ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत उत्तर द्या. फोंडा, पेडणे, सत्तरी, डिचोलीकडची बरीच मुलं घरी कोकणी बोलतात, लिहितात मराठी आणि परीक्षा इंग्रजीत देतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा राहिली. मोठ्यांचे वाद त्यावर अजून चालतात. दहा वर्षांच्या मुलाला त्यातलं काही ठाऊक नसतं. तो ‘टीचर, म्हाका समजलें ना’ म्हणतो तेव्हा ‘इंग्लिशमध्ये बोल’ असं उत्तर मिळालं तर पुढच्या वेळी तो समजलं नाही हे सांगणारच नाही. हे मी पाहिलं आहे. एका वर्गात आठवडाभरात एकाही मुलाने शंका विचारली नाही आणि शाळेत त्या वर्गाचं ‘शांत वर्ग’ म्हणून कौतुक होत होतं.

एखादा पाठ मनावर कोरला गेला असेल तर सांगा ना.

सातवीचा विज्ञानाचा तास, चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा. सरांनी पुस्तक उघडलंच नाही. ‘तुमच्या घरच्या माटोळीला काय काय बांधलं होतं?’ एवढंच विचारलं आणि खडू हातात घेऊन उभे राहिले. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट. पहिल्यांदा नारळ, सुपारी, केळी आली. मग आंबाडे. मग मागून कोणी कवंडळ म्हणालं, कोणी कांगलां, कोणी घागऱ्यो. फळा भरला. आता यातली झाडं किती, झुडपं किती, वेली किती, माणसं खातात कुठली, कुठली खाऊ नयेत, रानातून आणावी लागतात कुठली, असे गट पाडायला लावले. शहराकडची मुलं या भागात गप्प झाली आणि सत्तरीच्या बाजूने बसने येणारा एक मुलगा, ज्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, उठून सांगू लागला. कवंडळ वेलीवर येतं, पिकल्यावर लाल होतं, दिसतं सुंदर पण खायचं नाही. त्याने हातांनी वेल कशी चढते तेही दाखवलं. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. तास संपायला तीन मिनिटं असताना त्यांनी प्रत्येक गटासमोर इंग्रजी संज्ञा लिहिली: हर्ब, श्रब, ट्री, क्लाइंबर. वस्तू आधी, शब्द नंतर. त्या दिवशी माझ्या वहीत डाव्या बाजूची चार पानं भरली आणि उजवीकडे लिहायला वेळच उरला नाही.

जून-जुलैत निरीक्षण असेल तर काही वेगळी तयारी?

एक जादा ओढणी किंवा टॉवेल, आणि प्लास्टिकच्या पिशवीत वही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पावसात वर्गात काय होतं ते बघा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पत्र्याच्या छपराखाली जोराची सर आली की तिसऱ्या बाकापलीकडे शब्द पोचत नाही. काही शिक्षक आवाज चढवत राहतात, घसा बसेपर्यंत. काही लगेच फळ्याकडे वळून लिहू लागतात किंवा मुलांना जोडीने काम देतात. मागच्या बाकावरच्या मुलांचा आठवड्यातला किती भाग पावसाने खाल्ला, हे कुठल्याच तक्त्यात विचारलेलं नसतं. तुम्ही लिहा.

मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत बसावं की मुलांत?

पहिली दहा मिनिटं मुलांत. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत माध्यान्ह आहार मिळतो. अनेक ठिकाणी स्वयंसाहाय्य गटातल्या बायका तो करून आणतात आणि बऱ्याच दिवशी भाजी-पाव असतो. कोण रांगेत पुढे धावतं, डबा आणलेलं कोण बाजूला बसतं, कोण पाव खिशात घालून धाकट्या भावाला नेतं, ते दिसतं. वर्गात शेवटच्या दोन तासांना डोळे मिटणारी एक मुलगी सकाळी काहीच न खाता साडेसहाच्या बसने येत होती. हे मला वर्गात नाही, भाजी-पावाच्या रांगेत कळलं. वर्गशिक्षिकेला सांगितलं, त्यांनी घरी बोलावून घेतलं.

रजेवरच्या शिक्षकांच्या तासाला आम्हाला एकट्यांना पाठवतात. नाही म्हणता येतं का?

नम्रपणे सांगता येतं की महाविद्यालयाने फक्त निरीक्षण सांगितलं आहे. दोन-तीनदा होईल, रोज होऊ लागलं तर तुमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांच्या कानावर घाला. जावंच लागलं तर वर्ग गप्प बसवण्यात तास घालवू नका. मी सातवीला कोऱ्या कागदावर शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता काढायला सांगितला. नदी, देऊळ, चॅपेल, खाणीचा ढीग, फेरीचा धक्का, सगळं आलं त्यात. ते कागद नंतर भूगोलाच्या टीचरना दिले.

शिक्षक मुलाला मारताना किंवा अपमान करताना दिसले तर?

शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तुम्ही पाहुणे आहात म्हणून तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं पुसलं जात नाही. माझ्यासमोर एका मुलाला ‘तुझ्या बापासारखाच होशील’ असं पूर्ण वर्गात ऐकवलं गेलं. मी तेव्हा काही बोलले नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच संध्याकाळी तारीख, वेळ आणि शब्द जसेच्या तसे लिहून माझ्या प्राध्यापकांकडे नेले. त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलून घेतलं. शिक्षकांशी वर्गातच वाद घालू नका, त्याचा राग नंतर त्या मुलावर निघण्याची भीती असते. पण तास सुटल्यावर त्या मुलाजवळ जाऊन उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही.

मुलाने घरातली किंवा स्वतःवरच्या अत्याचाराची गोष्ट सांगितली तर?

शांतपणे ऐका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि छात्राध्यापक त्याला अपवाद नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि तुमचे प्राध्यापक यांना सांगा, आणि पोलिसांपर्यंत गोष्ट पोचली याची खात्री करून घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ असू द्या.

साडीच नेसावी लागते का?

महाविद्यालयाचा नियम असेल तर हो. सुती नेसा, निऱ्यांना पिना लावा.

मुलांचे फोटो प्रकल्प वहीत लावता येतील?

चेहरे दिसणारे नको. फळा, मुलांनी केलेली चित्रं, तक्ते यांचे फोटो मुख्याध्यापकांना विचारून घ्या. समाजमाध्यमावर काहीही टाकू नका.

सहावी ते आठवीचे कोडिंगचे तासही बघायचे का?

नक्की. गोव्यात सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची सरकारी योजना आहे. संगणकाच्या खोलीत गणितात मागे पडलेलं एखादं मूल अचानक पुढे बसलेलं दिसतं. संगणकावर पुढच्या पायरीला जाण्यापूर्वी मुलं हवा तेवढा वेळ घेऊ शकतात, त्यामुळे असं होत असावं, असं मला वाटतं.

शेवटच्या दिवशी काय करावं?

आठवडाभर आधी मुलांना तारीख सांगून ठेवा. अचानक गायब होऊ नका, आणि परत येणार नसाल तर येईन म्हणू नका. भेटवस्तू, केक यांची गरज नाही.

माझ्या शेवटच्या शुक्रवारी पाचवीतली एक मुलगी सुट्टीत जवळ आली आणि माझ्या वहीत तिचं नाव आहे का म्हणून विचारलं. नावं लिहिलेली नाहीत, असं मी सांगितलं. तरी तिला वही बघायची होती. मी फक्त डाव्या बाजूचं एक पान उघडून दाखवलं. तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, ‘तिसरा बाक, खिडकीकडची. आज दोनदा हात वर केला.’ मग वर बघून कोकणीत ‘ही मीच’ म्हणाली, ‘ही हांव.’

मी हो म्हटलं.